ज्यानं जगाला चित्र बघायला शिकवलं, त्याला आपली घारापुरी कधी दिसलीच नाही

गेट वे ऑफ इंडियावरून लाँच पकडली की तासाभरात घारापुरी येते. लेण्यांतली ती भव्य त्रिमूर्ती बघायला जगभरातून लोक येतात. याच घारापुरीवर लांबलचक इंग्रजी कविता लिहून 1839 साली ऑक्सफर्डच्या एका वीस वर्षांच्या पोरानं विद्यापीठाचं मानाचं न्यूडिगेट पारितोषिक पटकावलं होतं. त्या समारंभाला कवी वर्ड्सवर्थ हजर होते, त्यांना तेव्हाच मानद पदवी मिळाली. भर सभेत या पोरानं आपली कविता वाचून दाखवली.

कवितेचा विषय विद्यापीठानंच ठरवून दिला होता. साष्टी आणि घारापुरी. साष्टी म्हणजे जिथं आज मुंबईची उपनगरं आणि ठाणं आहे ते बेट.

आता गंमत बघा. या पोरानं ना साष्टी बघितली होती, ना घारापुरी. पुस्तकं वाचून त्यानं कविता रचली आणि शेवटी इथले देव जाऊन ख्रिस्ती धर्म येईल अशी आशाही व्यक्त केली. पुढं ऐंशी वर्षांचं आयुष्य जगला, पण भारतात तो एकदाही आला नाही.

त्या पोराचं नाव जॉन रस्किन.

हाच रस्किन पुढं आयुष्यभर लोकांना सांगत फिरला की बाबांनो, आधी नीट बघा, मग बोला. चित्र कसं बघायचं, त्यातून काय वाचायचं हे त्यानं सुतारांना शिकवलं आणि ऑक्सफर्डच्या श्रीमंत पोरांनाही शिकवलं. आज शाळेत मुलांना एखादं चित्र दाखवून यात काय दिसतंय, कशावरून म्हणतोस, असं विचारतात ना? त्या पद्धतीच्या मागं ज्या लोकांची मेहनत आहे, त्यात रस्किनचं नाव फार वरचं आहे.

खेळणी नव्हती, म्हणून सतरंजी बघत बसायचा

रस्किनचा जन्म 8 फेब्रुवारी 1819 चा, लंडनमधला. वडील शेरी नावाच्या दारूचे मोठे व्यापारी, पैशाला कमी नाही. आई मात्र कमालीची धार्मिक आणि कडक. घरात एकुलतं एक पोर, पण खेळणी जवळपास नाहीतच. एकदा मावशीनं हौसेनं बाहुल्यांची झगमगीत जोडी आणून दिली, तर आईनं ती उचलून ठेवून दिली.

मग हे पोर करणार काय? घरातल्या सतरंजीवरचे चौकोन बघायचं, त्यातले रंग जुळवायचं, जमिनीच्या लाकडातल्या गाठी शोधायचं, समोरच्या घराच्या विटा मोजायचं. तासन् तास हाच खेळ. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्यानं स्वतःच हे सांगितलंय. बघायची सवय त्याला अशी लागली.

तेराव्या वाढदिवसाला वडिलांच्या भागीदारानं त्याला इटलीवरचं एक पुस्तक भेट दिलं. कविता दुसऱ्याच्या होत्या, पण त्यातली बरीच छोटी चित्रं टर्नरची होती. जे. एम. डब्ल्यू. टर्नर म्हणजे त्या काळातला इंग्लंडचा नावाजलेला निसर्गचित्रकार. पोरगं त्या चित्रांच्या प्रेमातच पडलं.

पुढं टर्नरची चित्रं जास्त धूसर, जास्त धाडसी होत गेली. समीक्षक त्याची टिंगल करायला लागले, असं कुठं ढग असतात का, असं कुठं पाणी दिसतं का म्हणून. रस्किनला राग आला. त्यानं काय करावं? तो ढग बघायला लागला. पाणी, दगड, झाडांच्या फांद्या, डोंगरांच्या कडा, सगळं जवळून बघून टिपून ठेवायला लागला. 1843 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याच्या मॉडर्न पेंटर्स या ग्रंथाचा पहिला भाग आला. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, ऑक्सफर्डचा एक पदवीधर एवढीच ओळख होती. त्याचा मुद्दा साधा होता. टर्नर चुकत नाही, तुम्ही कधी आभाळाकडं नीट बघितलेलंच नाही.

या ग्रंथाचे पाच भाग पूर्ण व्हायला 1860 साल उजाडलं. मधल्या काळात तो व्हेनिसला जाऊन राहिला. शिड्या लावून जुन्या इमारतींवर चढायचा, खांब मोजायचा, कमानी रेखाटायचा, तेव्हा नव्यानंच आलेल्या फोटोग्राफीनं त्यांची चित्रं घेऊन ठेवायचा. लोक त्याला वेडा म्हणत असतील, पण त्यातून द स्टोन्स ऑफ व्हेनिस हा तीन खंडांचा ग्रंथ उभा राहिला.

घरात मात्र सगळं बिनसलं होतं. 1848 साली एफी ग्रे हिच्याशी झालेलं लग्न 1854 साली कोर्टानं रद्द केलं आणि पुढच्याच वर्षी एफीनं रस्किनचा मित्र असलेल्या मिले या चित्रकाराशी लग्न केलं. अख्ख्या लंडनमध्ये चर्चा झाली. पण त्याच 1854 साली रस्किननं आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम सुरू केलं.

सुतारांचा चित्रकलेचा वर्ग

लंडनमध्ये त्या वर्षी वर्किंग मेन्स कॉलेज निघालं. दिवसभर राबणाऱ्या कामगारांसाठी संध्याकाळचं कॉलेज. रस्किन तिथं मानधन न घेता चित्रकला शिकवायला लागला. समोर बसलेले विद्यार्थी म्हणजे सुतार, कारागीर, कारकून. लाखोंची इस्टेट असलेल्या घरातला हा माणूस संध्याकाळी त्यांच्या वहीत डोकं घालून बसायचा.

त्या काळात इंग्लंडमध्ये चित्रकला शिकवायची सरकारी पद्धत ठरलेली होती. तिचं केंद्र लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनला. छापील नमुना समोर ठेवायचा आणि त्याची रेघ न् रेघ उतरवायची. कारखान्यातल्या मालावर चांगली नक्षी काढणारे हात तयार करायचे, हा त्यामागचा हेतू.

रस्किनला हे मान्य नव्हतं. तो पोरांसमोर नमुन्याऐवजी खरी वस्तू ठेवायचा. पांढरा गोळा, झाडाचं पान, पक्ष्याचं पीस, दगड. घरून टर्नरची मूळ चित्रं आणि खनिजांचे तुकडेसुद्धा घेऊन यायचा. 1857 साली त्यानं द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग हे पुस्तक लिहिलं, त्यात ही पद्धत सविस्तर सापडते.

त्यातला एक धडा दगडाचा. रस्त्यावरचा कुठलाही गोलसर दगड उचला आणि कागदावर तो गोल दिसेल असा काढा. बाहेरची रेघ मारून भागत नाही. उजेड कुठून पडतोय, सावली कुठं गडद होते, खालच्या कागदाचा उजेड परत दगडावर कसा येतो, हे सगळं बघावं लागतं. एक दगड नीट जमला की बाकी सगळं जमेल, असा त्याचा दावा होता.

दुसरा धडा रंगाचा. एका जाड पुठ्ठ्याला वाटाण्याएवढं भोक पाडा आणि त्यातून समोरच्या वस्तूचा रंग बघा. आपण गवत हिरवं असतं हे लहानपणापासून ऐकलेलं असतं, म्हणून उन्हातलं गवतही हिरवंच रंगवतो. भोकातून बघितलं की कळतं, ऊन पडलेला तो तुकडा धुळकट पिवळा दिसतोय. म्हणजे डोळ्याला एक दिसत होतं आणि डोकं दुसरंच सांगत होतं.

रस्किनच्या शिकवण्याचा गाभा हाच आहे. आपण जे बघतो त्यातलं बरंचसं आपल्याला आधीच माहीत असलेलं असतं. ते बाजूला ठेवून समोर खरंच काय आहे ते बघणं, ही शिकून येणारी गोष्ट आहे. आणि शिकण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे हातात पेन्सिल घेणं, कारण काढायला बसलं की न बघितलेलं लगेच उघडं पडतं.

यातून कामगारांना चित्रकार बनवायचं नव्हतं. सुतारानं सुतारच राहावं, पण कामावर जाताना त्याला झाड, भिंत, आभाळ दिसावं, एवढीच त्याची अपेक्षा होती. तरी काहींची आयुष्यं बदललीच. जॉर्ज ॲलन नावाचा एक सुतार या वर्गात आला, तिथून खोदकाम शिकला आणि शेवटी रस्किनच्या पुस्तकांचा प्रकाशक झाला. त्याची कंपनी पुढं ॲलन अँड अनविन म्हणून ओळखली गेली. टॉल्किनचं द हॉबिट 1937 साली ज्यांनी छापलं, ते हेच.

चित्रावरच्या काचेवर गिरणी रंगवली

1869 साली ऑक्सफर्डनं रस्किनला कलेचा स्लेड प्रोफेसर नेमलं. पहिल्याच व्याख्यानाला एवढी गर्दी झाली की सभागृह बदलून सगळ्यांना विद्यापीठाच्या मोठ्या शेल्डोनियन सभागृहात न्यावं लागलं.

तिथं त्यानं चित्रकलेची शाळा काढली, शिक्षकाच्या पगारासाठी स्वतःचे 5000 पौंड दिले आणि शेकडो चित्रांचा संच लावून दिला. त्यात टर्नर होता, ड्यूरर होता, इमारतींचे फोटो होते आणि रस्किननं स्वतः काढलेली पिसं, पानंही होती. विद्यार्थ्यानं कपाटातून एक चित्र काढायचं, समोर ठेवायचं आणि बघत बसायचं. एका चित्राशेजारी दुसरं ठेवून फरक शोधायचा.

त्याची व्याख्यानंही तशीच. एकदा त्यानं टर्नरचं लेस्टर गावाजवळच्या जुन्या मठाचं चित्र काच लावून सभागृहात आणलं. शांत नदी, जुना पूल, मागं झाडी. बोलता बोलता ब्रश उचलला आणि काचेवरच रंगवायला लागला. जुन्या पुलाच्या जागी लोखंडी पूल, स्वच्छ पाण्याच्या जागी रंगाचं घाण पाणी, वर गिरणीचा धूर. विद्यार्थ्यांना एक शब्द जास्त सांगायची गरज पडली नाही. चित्रात काय आहे हे कळायला त्यात आता काय उरलेलं नाही हे दाखवावं लागतं, हे त्यानं दहा मिनिटांत करून दाखवलं.

त्याच विद्यार्थ्यांना 1874 साली त्यानं ऑक्सफर्डजवळच्या हिंक्सी गावात रस्ता खणायला लावलं. त्यात ऑस्कर वाइल्डसुद्धा होता. रस्ता काही धड झाला नाही, पण सरदार घराण्यांतल्या पोरांच्या हाताला फोड आले. 1875 साली त्यानं शेफील्डच्या लोहार आणि सुरी बनवणाऱ्या कामगारांसाठी छोटं संग्रहालय काढलं. ते कामगारांना सोयीचं म्हणून रविवारीही उघडं असायचं. आणि त्याची देखभाल करणारा हेन्री स्वॉन हा त्याच संध्याकाळच्या वर्गातला जुना विद्यार्थी.

इथवर वाचून वाटेल की माणूस देवमाणूसच होता. पण खरी गोष्ट इथून पुढं आहे.

जिथं तो थांबला नाही, तिथं तो चुकला

पहिली चूक त्याच्या लाडक्या टर्नरच्याच चित्रात. टर्नरनं 1840 साली एका गुलामवाहू जहाजाचं चित्र प्रदर्शनात मांडलं. वादळ येतंय आणि जहाजावरून आजारी, मेलेले गुलाम समुद्रात फेकले जातायत. त्यामागं 1781 सालच्या झोंग जहाजाची घटना असल्याचं मानतात. तिथं 130 हून अधिक माणसं विम्याच्या पैशांसाठी जिवंत पाण्यात लोटली होती. चित्राच्या पुढच्या भागात साखळदंडासकट एक पाय पाण्यावर दिसतो.

हे चित्र रस्किनच्या वडिलांनी त्याला 1844 साली भेट दिलं. त्याआधीच मॉडर्न पेंटर्समध्ये त्यानं या चित्रावर भरभरून लिहिलं होतं. लाटांचा रंग, सूर्यास्ताची लाली, पाण्याची खोली, सगळं. आणि त्या माणसांचं? ते जहाज गुलामांचं होतं ही माहिती त्यानं खाली तळटीपेत दिली. पुढं हे चित्र घरात ठेवणं त्याला सोसेना, म्हणून त्यानं विकून टाकलं. आज ते अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयात आहे. चित्र शिकवणारे शिक्षक आजही ही तळटीप दाखवतात, कारण लाट एवढी बारकाईनं बघणाऱ्या डोळ्यालाही पाय दुय्यम वाटू शकतो.

दुसरी चूक थेट आपल्याशी संबंधित. 1857 च्या उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड खवळलेलं होतं. जानेवारी 1858 मध्ये रस्किननं साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात व्याख्यान दिलं. भारतीय कारागिरांची रंगाची आणि नक्षीची जाण अप्रतिम आहे हे त्यानं कबूल केलं. पण पुढं म्हणाला की ही कला निसर्ग बघतच नाही, माणसाऐवजी अनेक हातांचे राक्षस काढते, फुलाऐवजी वेटोळी काढते. आणि ज्यांची कला निसर्गापासून तुटलेली असते ते लोक क्रूर होतात, असं सांगून त्यानं कलेचा संबंध उठावातल्या हिंसेशी जोडला.

आता त्याचीच कसोटी त्याला लावून बघू. घारापुरीची त्रिमूर्ती 18-20 फूट उंच. समोर उभं राहिलं की मधला चेहरा शांत, डोळे मिटल्यासारखे. आपल्या डाव्या बाजूचा चेहरा उग्र, हातात नाग. उजव्या बाजूचा चेहरा मृदू, बाईसारखा, हातात कमळ. नीट बघणाऱ्याला ओठांची ठेवण तिन्ही चेहऱ्यांत वेगळी दिसते. याला निसर्ग न बघता केलेली कला कोण म्हणेल?

आणि अजिंठा तर त्याहून पुढं. योगायोग असा की जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली ते साल 1819, म्हणजे रस्किनच्या जन्माचंच. तिथल्या भिंतींवर हत्ती, माकडं, हंस, झाडं, फुलं आहेत, आणि ती बघूनच काढलेली आहेत हे कुणालाही कळतं. रॉबर्ट गिलनं वर्षानुवर्षं तिथं राहून केलेल्या त्यांच्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि 1866 च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. क्रिस्टल पॅलेस रस्किनच्या राहत्या घरापासून काही मैलांवर होता.

गंमत म्हणजे रस्किननं ज्या साऊथ केन्सिंग्टन पद्धतीला नावं ठेवली, तीच मुंबईत आली. सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि 1865 साली त्या पठडीतले लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथं शिकवायला आले. पण याच ग्रिफिथ्सनी 1872 पासून जे. जे. च्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं. पेस्तनजी बोमनजींसारखी मुंबईची पोरं अंधाऱ्या लेण्यांत बसून एकेक भिंत बघून उतरवायला लागली. हे काम 1885 पर्यंत चाललं. म्हणजे रस्किन जे शिकवत होता, आधी समोर बसा, बघा, काढा, ते भारतीय कलेच्या बाबतीत त्यानं केलं नाही. ते जे. जे. च्या पोरांनी केलं.

तिसरी चूक त्याला महागात पडली. 1877 साली त्यानं व्हिसलर या चित्रकाराच्या एका चित्रावर जहरी टीका केली. रात्रीच्या आभाळात फुटणाऱ्या शोभेच्या दारूचं ते चित्र होतं, किंमत 200 गिनी. व्हिसलरनं अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. नोव्हेंबर 1878 मध्ये निकाल व्हिसलरच्या बाजूनं लागला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. व्हिसलरचं दिवाळं निघालं आणि रस्किननं प्रोफेसरकी सोडली. ज्या टर्नरला लोक धूसर म्हणून हसले तेव्हा हाच रस्किन त्याच्या बाजूनं उभा होता. पस्तीस वर्षांनी नवा धूसर चित्रकार आला, तेव्हा हसणाऱ्यांत तो होता.

गांधीजी, आगगाडी आणि शेवट

रस्किनचं नाव भारतात लोकांना माहीत आहे ते मात्र वेगळ्याच कारणानं. 1860 साली त्यानं अर्थशास्त्रावर चार लेख लिहिले, मजुराला न्याय्य मजुरी मिळाली पाहिजे म्हणून. एवढा गदारोळ झाला की मासिकानं पुढचे लेख थांबवले. त्याचं पुस्तक झालं अन टू धिस लास्ट. 1904 साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत वाचलं आणि त्यातून फिनिक्स आश्रम उभा राहिला. पुढं त्यांनी त्याचा गुजराती सारांश केला, त्याचं नाव सर्वोदय. भारताबद्दल इतकं चुकीचं बोललेल्या माणसाच्या पुस्तकातून गांधीजींनी आपल्याला हवं ते वेचून घेतलं.

1878 पासून रस्किनला मानसिक आजाराचे झटके यायला लागले. शेवटची दहा वर्षं तो कोनिस्टन तळ्याकाठच्या आपल्या घरात जवळजवळ गप्प बसून होता. वडिलांकडून आलेली बहुतेक संपत्ती तोवर वाटून झाली होती. 20 जानेवारी 1900 रोजी त्याचं निधन झालं. ऑक्सफर्डची ती चित्रकलेची शाळा आज रस्किन स्कूल ऑफ आर्ट म्हणून चालते आणि त्यानं शिकवण्यासाठी जमवलेली चित्रं तिथल्याच ॲशमोलियन संग्रहालयात आहेत.

आज आपल्या फोनवर दिवसाला शेकडो चित्रं येतात आणि बहुतेकांवर आपण बघायच्या आधीच मत बनवलेलं असतं. कुणीतरी वर ओळ लिहिलेली असते, आपण ती वाचतो आणि चित्रही तसंच दिसायला लागतं. रस्किनच्या वर्गातला सुतार अशा वेळी काय करायचा? ओळ बाजूला ठेवायचा. उजेड कुठून आहे, कोण कुठं उभं आहे, कोपऱ्यात काय आहे, काय कापलंय, हे आधी मोजायचा. मग बोलायचा.

घरात पोरं एलिमेंटरीची तयारी करत असतील तर पुढच्या वेळी त्यांच्या समोर छापील नमुन्याऐवजी एक दगड ठेवून बघा. आणि घारापुरीला गेलात तर सेल्फी काढायच्या आधी दहा मिनिटं त्या तीन चेहऱ्यांसमोर नुसते उभे राहा. रस्किनला त्यावर बक्षीस मिळालं होतं, पण ते चेहरे त्याला बघायला मिळाले नाहीत. आपल्याला लाँच पकडायचीच तेवढी बाकी आहे.